मुंगीचा खरा पत्ता

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
९ जानेवारी २०२५

अक्का,

आधी बातमी, मग नमस्कार. मला एक मुंगी सापडली आहे आणि ती कोणत्याच पुस्तकात नाही!

'कोणत्याच' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. आमच्या संस्थेत जेवढी पुस्तकं आहेत त्यांत नाही, एवढंच मला म्हणता येईल. पण आमच्याकडे बरीच आहेत.

चार वर्षांनी लिहितो आहे आणि सुरुवातच मुंगीने, म्हणून रागावू नकोस. फोन केला असता, पण तुझा नंबर मी आप्पांसमोर पुसला होता आणि तो मला पाठ नव्हता. पत्ता कसा मिळाला ते विचारू नकोस. मराठीत लिहितो, कारण ही अक्षरं तूच शिकवलीस. आपल्या घरी मराठी बोलतात अस्के, अगदी सगळे, पण लिहिणारे आपण दोघंच होतो. तुझ्या घरी हे पत्र दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही याचंही जरा बरं वाटतं.

बारावी माझी राहिली ती राहिलीच. दीड वर्षापूर्वी नुंगंबाक्कमच्या एका संस्थेत मदतनीस म्हणून लागलो. तिथे कीटकांचा मोठा संग्रह आहे. जंगलातला पालापाचोळा चाळायचा, तो कापडाच्या लांब पिशवीत टांगायचा, पिशवीखाली दारूअर्काचा पेला बांधायचा. पाचोळा सुकत जातो तशा मुंग्या ओल शोधत खाली सरकतात आणि पेल्यात पडतात. मग मी एकेक मुंगी कागदाच्या इवल्या त्रिकोणाच्या टोकावर डिंकाने चिकटवतो, त्रिकोण टाचणीत ओवतो आणि टाचणीत खाली लेबल लावतो: जागा, उंची, तारीख, कुणी गोळा केली. बोटाच्या नखाएवढं लेबल. माझं अक्षर बारीक आणि स्वच्छ आहे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. ते अक्षरही तुझंच.

तर मंगळवारी दुपारी साडेतीनला मी भिंगाखाली एक मुंगी फिरवत होतो. दोन मिलिमीटरची, पिवळसर. डोकं बदामाच्या आकाराचं, पुढे सापळ्यासारखे दोन लांब जबडे. या जातकुळीच्या मुंग्या मी पूर्वी चिकटवल्या आहेत. त्यांच्या जबड्याच्या आतल्या कडेला एक दात असतो. हिला दोन! मला वाटलं कचरा असेल. एका केसाच्या कुंचल्याने पुसलं. दोनच. दुसरा जबडा पाहिला. दोन. त्याच पेल्यातली दुसरी मुंगी काढली. तिलाही दोन दोन!

मी भिंग तीनदा पुसून परत पाहिलं, तसे नारायणस्वामी हसले. ते संग्रह सांभाळतात, येत्या जूनमध्ये निवृत्त होतील. म्हणाले, "काय तंबी, मुंगीने डोळा मारला का?"

"सार, हिला एक दात जास्त आहे."

"माझा एक पडलाय, तो असेल."

पण भिंगात पाहिल्यावर ते स्वतः मॅडमना बोलावायला गेले. आमच्या मॅडम म्हणजे रंजनी मॅडम, मुंग्यांवर वीस वर्षं काम करतात, कौतुक म्हणून कधी करत नाहीत. त्यांनी दहा मिनिटं पाहिलं. मी घड्याळ पाहत होतो. मग डोळा भिंगावरून न काढताच विचारलं, "कुठली ही?"

मी लेबल वाचून दाखवलं. येरकाड, शेवरॉय डोंगर, चौदाशे मीटर, २१ नोव्हेंबर २०२४. लेबल माझ्याच हातचं होतं.

"प्राणेश," त्या म्हणाल्या, "आज चहा मी पाजते."

हे कुणाला तरी सांगायचं होतं आणि तुझ्याशिवाय कुणी सुचेना. आप्पा बरे आहेत. इळंगो भावोजींना नमस्कार. हे मी लिहिलं आहे, चुकून नाही.

प्राणेश


३१ जानेवारी

अक्का,

तुझं कार्ड आलं. "चार वर्षांनी पत्र आणि त्यात मुंगी! मेलास की जिवंत आहेस एवढं तरी आधी लिहायचं रे गाढवा." मी ते अकरा वेळा वाचलं.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं. आप्पांचा रक्तदाब ठीक आहे. स्वयंपाक मी करतो. हो, डांगर पच्चडी जमते, तुझ्याएवढी नाही. नोव्हेंबरात येरकाडला आला होतास तर तिथून आमचं कोल्ली मलै किती लांब आहे, एक फेरी का मारली नाहीस, असं तू विचारतेस. कामावर होतो, अक्का. मॅडम आणि नारायणस्वामी बरोबर होते. अशा वेळी निघता येत नाही.

मुंगीचं ऐक! मॅडमनी फोटो काढून परदेशातल्या एका बाईंना पाठवले. जगात याच कुळीच्या मुंग्या ओळखणाऱ्या चारपाच माणसांपैकी त्या एक. त्यांचं उत्तर मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, दर वाक्याचं तमिळ करत. त्या म्हणतात, अशी मुंगी मी पाहिलेली नाही. म्हणतात, दोन कामकरी मुंग्यांवर काही ठरवता येत नाही, वेडंवाकडं जन्मलेलं बाळ असू शकतं. वारूळ पाहिजे, निदान दहापंधरा कामकरी पाहिजेत, राणी पाहिजे. आणि म्हणतात, हा जास्तीचा दात ज्याने पाहिला त्याला माझा सलाम सांगा.

अक्का, सलाम! बारावी नापासाला!

म्हणून दहा फेब्रुवारीला आम्ही तिघं परत येरकाडला जातो आहोत. मॅडमनी रजा रद्द केली, त्यांच्या भाचीचं लग्न होतं. नारायणस्वामी गुडघ्याला पट्टा बांधून येणार आहेत. म्हणाले, "निवृत्तीआधी एक राणी बघतो. घरातली कधी मान वर करून बघू देत नाही."

सगळे खूश आहेत. मला झोप नीट लागत नाही, पण ते आनंदानेही होतं.

नारायणस्वामींचं एक वाक्य आहे, पहिल्याच दिवशी मला ऐकवलं होतं. लेबल नसलेली मुंगी म्हणजे नुसती मेलेली मुंगी. मी विचारलं, आणि चुकीचं लेबल असलेली? म्हणाले, "ती वाईट. ती आपल्यामागे शंभर वर्षं खोटं बोलत राहते." हे का लिहिलं माहीत नाही. खोडत नाही, कागद घाण होतो.

प्राणेश


येरकाड
१५ फेब्रुवारी

अक्का,

ती मुंगी येरकाडची नाही. तुझ्या घरामागची आहे.

हे वाक्य गेले पाच दिवस माझ्या तोंडात आहे. पाच दिवस मॅडम गुडघ्यांवर बसून पाचोळा चाळत होत्या, चुकीच्या डोंगरावर, आणि मी त्यांना पाण्याची बाटली देत होतो. बेचाळीस पिशव्या टांगल्या. बेचाळीस! एकशे साठ जातींच्या आसपास मुंग्या मिळाल्या असतील, मॅडम एरवी नाचल्या असत्या. काल संध्याकाळी त्या म्हणाल्या, "कदाचित आपण चार पावलं चुकत असू." चार पावलं.

आता सगळं क्रमाने सांगतो.

२१ नोव्हेंबरला मी मॅडमना सांगितलं की पोट बिघडलं आहे, खोलीवर थांबतो. ते दोघं दुसऱ्या उतारावर गेले. मी सकाळी सातच्या बसने सेलमला उतरलो, तिथून नामक्कल, तिथून सत्तर वळणांचा घाट. पोट तेव्हा खरंच बिघडलं, म्हणजे तेवढं खोटं मी फेडलं. भावोजींचं गाव मला माहीत होतं. कसं ते शेवटी लिहितो. गावात मुंगीएवढीसुद्धा अडचण आली नाही, पहिल्याच दुकानात सांगितलं, मद्रासची सून ना, मागे फणस आहे ते घर.

मी समोरून आलो नाही. मागून, कॉफीच्या झाडांतून आलो. तू कपडे वाळत घालत होतीस. कडेवर एक मुलगी होती. मला माहीत नव्हतं, अक्का. मला कुणी सांगितलं नव्हतं की मी मामा झालो आहे. ती तुझा पदर तोंडात घालत होती आणि तू तिला मराठीत ओरडलीस, "छी, ओकारी होईल!" तिथे, त्या डोंगरावर, मराठीत.

मी हाक मारणार होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मागून तुझ्या सासूबाई. "कोण रे तू?"

मी म्हणालो, "मुंग्या बघतोय. सरकारी काम."

"का रे, सरकारला मुंग्या कमी पडल्या? माझ्या स्वयंपाकघरात ये, पोत्याने देते!"

त्या हसत सुटल्या, आणि तू वळून बघशील म्हणून मी खाली बसलो. बसलो म्हणून काहीतरी करावं लागलं. माझ्या झोळीत चाळणी होती. फणसाखालचा पाचोळा चाळून पिशवीत भरला, चांगला किलोभर, आणि नीट चाळला. सासूबाईंनी दोन केळी दिली. डोकं वर केलं तेव्हा तू आत गेली होतीस. दाराच्या चौकटीवरचा घरक्रमांक पाठ केला आणि पळालो.

येरकाडला परत येऊन ती पिशवी बाकीच्यांच्या रांगेत टांगली. फेकून का दिली नाही? किलोभर पाचोळ्यात कितीतरी मुंग्या असतात, मला फेकवेना. आणि लेबलावर येरकाड लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर मी कुठे गेलो होतो ते कळलं असतं. मॅडमना कळलं असतं. आपल्या लोकांत गोष्टी कशा फिरतात तुला माहीत आहे, आप्पांनाही कळलं असतं. वाटलं, त्यात असून असून काय असणार. नेहमीच्या मुंग्या.

आता राहिलेली गोष्ट. गावाचं नाव मी तुझ्या पर्समधल्या लग्नाच्या नोंदणीच्या अर्जावर वाचलं होतं. त्यावर तारीखही होती. आप्पांना तारीख मी सांगितली. तुम्हा दोघांना अडवावं म्हणून नाही. मला वाटलं, त्यांनी तिथे येऊन तुला पाहिलं तर त्यांचं मन बदलेल. ते आले आणि कचेरीच्या पायऱ्यांवर जे बोलले ते तू ऐकलंस. मग घरी येऊन मी नंबर पुसला. हाक मारायला तोंड उघडलं होतं खरं, पण हे सगळं त्याच तोंडात होतं.

सोमवारी मॅडमना सांगणार आहे. नोकरी राहणार नाही. पण मुंगी खरी आहे, अक्का! दोन दात खरे आहेत! तुझ्या घरामागे, फणसाखाली, जगात कुणी न पाहिलेली मुंगी फिरते आहे आणि तू तिच्यावरून रोज कपडे वाळत घालायला जातेस! घाबरलो असूनही एवढं मनात आलं की मला हसू फुटतं.

प्राणेश


तिरुवल्लिकेणी
२५ फेब्रुवारी

अक्का,

तुझ्या उत्तराची वाट पाहायला थांबलो असतो तर धीर गेला असता. सोमवारी सकाळी दहाला मॅडमच्या खोलीत गेलो, उभ्यानेच सगळं सांगितलं.

त्यांनी टाचणी उचलून लेबल पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "पाच दिवस, प्राणेश. माझी भाची माझ्याशी बोलत नाही."

"हो मॅडम."

"आणखी किती लेबलं?"

"हे एकच."

"हे मी कशावरून मानू?"

अक्का, मॅडमचं बरोबर होतं. एका लेबलाने माझी सगळी लेबलं संशयात आली होती. दीड वर्षात मी दोन हजार एकशे बारा लेबलं लिहिली. मॅडमनी माझी लेखणी काढून घेतली आणि नारायणस्वामींना सांगितलं, एकूणएक लेबल मूळ वह्यांशी ताडून बघा, हा समोर बसेल, हात लावणार नाही.

आठवडाभर तेच चाललं होतं. नारायणस्वामी वाचायचे, मी वहीतली नोंद काढून धरायचो. पहिले दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी हजाराच्या पुढे गेल्यावर म्हणाले, "इतकं बिनचूक लिहिणारा माणूस खोटं लिहितो तेव्हा तेही किती नीट लिहितो! उंचीसुद्धा बरोबर, येरकाडची!" मी रडलो. मग त्यांनी डब्यातली पोळी पुढे केली. काल दुपारी शेवटचं लेबल झालं. त्या एका लेबलाशिवाय एकही चूक नाही. नारायणस्वामी स्वतःच मॅडमना सांगायला गेले. आतून त्यांचा आवाज ऐकू येत होता, "अम्मा, पोराने बहिणीसाठी केलं." मॅडम काय बोलल्या ते ऐकू आलं नाही.

मग मला बोलावलं. "माफ केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण मुंगी कुणाच्या माफीसाठी थांबत नाही. जमीन कुणाची?"

"अक्काच्या सासूबाईंची."

"विचारून नेला होतास पाचोळा?"

"नाही. केळी मात्र त्यांनी दिली."

त्यांचा ओठ जरा हलला. म्हणाल्या, आधी मालकिणीची लेखी परवानगी, मग पुढचं.

आणि घरी आलो तर तुझं पाकीट. उघडायला वीस मिनिटं लागली. तू लिहिलंस, "तारीख तूच सांगितलीस हे मला त्याच दिवशी कळलं. आप्पांच्या मागे तू बिनचपलेचा धावत आलेला उभा होतास. ज्याला अडवायचं असतं तो असा रडवेला उभा राहत नाही. मी चार वर्षं रागावले ते नंबर पुसल्याबद्दल." आणि खाली नंबर. आणि त्याखाली, "सासूबाई विचारतात, सरकारी मुंगीवाला परत कधी येणार? फुकट केळी खाऊन गेला."

नंबर आता पाठ आहे. परवानगीचा मजकूर तमिळमध्ये सोबत जोडला आहे, सासूबाईंची सही जिथे खूण आहे तिथे. मुलीचं नाव विद्यालक्ष्मी हे वाचलं. आईचं नाव ठेवलंस. मी ते आप्पांना सांगितलेलं नाही. आम्ही सहा मार्चला येतो. या वेळी समोरून.

प्राणेश


१८ मार्च

अक्का,

तू फोनवर म्हणालीस, आता रोज बोलतोस तर पत्र कशाला. काही गोष्टी मला लिहूनच नीट सांगता येतात. ते तीन दिवस तू पाहिलेस, ते परत सांगत नाही. तुमच्या ओसरीवर टांगलेल्या पिशव्यांखाली विद्या पेले मोजत बसली होती आणि सासूबाई मॅडमना फणसाचे गरे भरवत होत्या. आम्ही तिघं शहाणे पाचोळा चाळत राहिलो आणि शेवटच्या सकाळी तू सरपणातली ती कुजकी फांदी मोडून म्हणालीस, "प्राण्या, ह्यात बघ काय वळवळतंय." मॅडम लहान मुलीसारख्या किंचाळल्या तेही तू ऐकलंस.

तू न पाहिलेलं सांगतो. फांदीत तेवीस कामकरी निघाल्या आणि राणी. मी सगळ्यांचे जबडे मोजले. सेहेचाळीस जबडे, प्रत्येकावर दोन दात, एकही अपवाद नाही! राणीलाही! वेडंवाकडं बाळ नाही, अक्का, अख्खं कुटुंब! त्या परदेशी बाईंचं उत्तर आलं, नवीन जात असावी, पक्कं म्हणायला वर्ष लागेल, वारूळ ज्यांनी शोधलं त्यांचं अभिनंदन. मी मॅडमना वाचताना पाहत होतो. या वेळी त्यांनी तमिळ न करताच कागद माझ्या हातात दिला. मी अडखळत वाचला, पण वाचला.

जुनं खोटं लेबल फाडलं नाही. नियम असा की तेही टाचणीवरच राहतं, त्याखाली दुरुस्तीचं नवं लेबल लागतं, कुणी चूक केली त्याच्या नावासकट. ते नारायणस्वामींनी लिहिलं. मी वाचलं. बरोबर होतं.

मग मॅडमनी माझी लेखणी परत दिली. वारुळाची लेबलं मीच लिहायची. कोल्ली मलै, अकराशे ऐंशी मीटर, ९ मार्च २०२५, कुजक्या फांदीत. पुढे, गोळा करणारा.

"तुझं नाव घाल की," नारायणस्वामी म्हणाले.

"मी नाही शोधलं. ज्याने शोधलं त्याचं नाव." मी लिहिलं, संयुक्ता.

त्यांनी चष्मा वर केला. "आणि इनिशियल? संयुक्ता नुसती असते का? वडिलांच्या नावाचं अक्षर का नवऱ्याच्या?"

मी लेखणी खाली ठेवली. अक्का, तू हल्ली काय लावतेस हे मला माहीत नाही. घराच्या पाटीवर फक्त सासूबाईंचं नाव होतं.

रविवारी जेवताना आप्पांना सगळं सांगितलं. येरकाड, घाट, कॉफीची झाडं, लेबल, सहा मार्च. विद्याचं पूर्ण नावही सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. भात कालवत राहिले. मला वाटलं, उठतील. शेवटी म्हणाले, "ते लेबल छापतात कुठे?"

"छापत नाहीत. संग्रहात राहतं. शंभर वर्षं, जास्तही."

"तिच्या नावाआधी काय घातलंस?"

"अजून काही नाही. व्ही की भावोजींचा आय, ते कळेना."

स्वतःच्या व्यंकोजी या नावाचा व्ही त्यांनी कितीतरी वर्षं तुझ्या सगळ्या कागदांवर घातलेला. पाणी प्यायले. पेला खाली ठेवला. "लेबल केवढं असतं?"

मी नख दाखवलं.

"एवढ्यात दोन अक्षरं बसतील?"

"बसतील, आप्पा. मी बारीक लिहितो."

"मला काय विचारतोस मग," ते ओरडले, खरंच ओरडले, "नाव तिचं आहे, तिला विचार!" आणि ताट उचलून गेले. मोरीतून परत आवाज आला, "आणि लवकर विचार. मुंगी काय ताटकळत ठेवायची?"

म्हणून विचारतो आहे. दोन्ही, की एक, की तुला हवं ते. हे मी फोनवर विचारणार नाही. फोनवर तू पटकन काहीतरी सांगशील. मला तुझ्या हातचं लिहिलेलं हवं आहे. ते मी जसंच्या तसं उतरवीन.

प्राणेश